कोऱ्या कागदातला धबधबा: चिनी शाईचित्रात पाणी आणि धुकं कसं आणायचं

तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये फान ख्वान या चित्रकाराचं एक चित्र आहे. साधारण इसवी सन १००० च्या आसपासचं, रेशमावर शाईनं काढलेलं, उंची दोन मीटरहून थोडी जास्त. वरचा बहुतेक भाग एकाच अजस्र कड्यानं व्यापलाय. उजवीकडच्या घळीतून दोऱ्यासारखी बारीक पांढरी धार खाली येते आणि कड्याच्या पायथ्याशी धुक्यात विरून जाते. धार पांढरी आणि धुकंही पांढरं, पण डोळ्याला दोन्ही वेगळी दिसतात. हे कसं साधतं ते एकदा कळलं, की पुढचा सगळा सराव सरळ होतो.

धबधब्याची कड कोरडी असते आणि धुक्याची कड ओली. शेजारचा कातळ कोरड्या कागदावर ठामपणे काढला की मधे राहिलेला पांढरा भाग पाणी होतो. तोच कातळ ओल्या कागदाकडे विरघळत नेला की पांढरा भाग धुकं होतो. पांढरा रंग कुठेच लागत नाही. चिनी चित्रकार या कोरं ठेवण्याला ‘ल्यू-बाय’ म्हणतात, आणि तिथे कागद रिकामा राहिला असं ते मानत नाहीत. म्हणून नवख्यानं हात बसवायचा तो कडांवर. खाली मी त्याच क्रमानं लिहिलं आहे.

सामान

कागदापासून सुरुवात करा, कारण इथे चूक झाली तर बाकी कशानंच भरून येत नाही. लागतो तो श्वान कागद. चीनच्या आन्ह्वेइ प्रांतातल्या श्वानचंग भागात तो बनतो. छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून. आपल्याकडच्या दुकानांत तो ‘राइस पेपर’ म्हणून मिळतो. त्या नावाखाली भलतेसलते कागदही विकले जातात, म्हणून घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब लगेच पसरला तर कागद कच्चा, थेंब तसाच गोल उभा राहिला तर पक्का. पक्क्या कागदावर सरस आणि तुरटी चढवलेली असते. धुक्यासाठी कच्चा हवा. अगदी सुरुवातीला मात्र अर्धा पक्का कागद घेतलात तर शाई जरा हळू पसरते आणि विचार करायला वेळ मिळतो. जलरंगाचा जाड कागद यासाठी उपयोगाचा नाही. त्यावर पाणी वर तरंगतं, इथे ते आत शिरायला हवं.

शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची वाळवलेली कांडी. ती दगडी सहाणेवर उगाळायची. चंदन उगाळायची सवय घरात कुणाला असेल तर त्यांना पाहूनच शिका. पाणी थोडं, कांडी उभी, हात हलका आणि गोलगोल. कांडीमागे चकचकीत, तेलकट वाटणारी रेघ दिसू लागली की शाई झाली. काम संपल्यावर कांडी सहाणेवर तशीच ठेवू नका, ती चिकटून बसते. बाटलीतली तयार शाईही चालते. मी स्वतः सरावाला बाटली आणि चित्राला कांडी वापरतो, कारण कांडीच्या पातळ छटा जास्त निवळ उतरतात आणि धुक्याचं सगळं काम पातळ छटांचंच आहे.

ब्रश तीन पुरेत. रेषेसाठी ताठ केसांचा एक. चिनीत त्याला ‘लांडग्याचा केस’ म्हणतात, केस असतात मात्र विझल या मुंगसासारख्या छोट्या प्राण्याचे. छटेसाठी बकरीच्या केसांचा मऊ, पोटाळ एक. आणि कागद ओला करायला बकरीच्याच केसांचा रुंद, चपटा एक. नव्या ब्रशाची टोकं खळीनं कडक केलेली असतात, ती कोमट पाण्यात सोडवून घ्या, गरम पाण्यात कधीच नाही. कागदाखाली नमदा किंवा जुनी लोकरी शाल दुपदरी करून घाला. घोंगडी नको, तिची वीण कागदावर उमटते. दोन भांडी पाणी, तीन-चार पांढऱ्या बशा, एक सुती फडकं. बस.

पहिली पायरी: एक दिवस फक्त ओल समजून घ्या

बशीत शाईच्या पाच छटा करा, अगदी गडदपासून पाण्यात जेमतेम जाणवेल इतक्या फिक्यापर्यंत. चिनी परंपरेत ‘शाईचे पाच रंग’ म्हणतात ते हेच. पाचवी छटा नवखे नेहमी गडद करतात. बशीत दिसली न दिसली अशी हवी.

आता कागदाच्या चार पट्ट्या कापा. पहिली कोरडी ठेवा. बाकीच्या तिन्ही रुंद ब्रशानं ओल्या करा. दुसरीवर पाणी चकाकत असतानाच गडद शाईचा फटकारा मारा. तिसरीवरची चकाकी गेली, पण हाताला गार लागतंय, तेव्हा मारा. चौथी जवळजवळ सुकत आल्यावर. चारी शेजारी वाळत ठेवा आणि मग बघा. दुसऱ्या पट्टीवर शाई वाहून गेली असेल, चौथीवर कड धारदार राहिली असेल. तिसरीवर एक मऊ, केसाळ कड दिसेल. धुकं तिसऱ्या पट्टीवर आहे.

‘चकाकी गेली, गारवा आहे’ ही वेळ किती मिनिटांनी येते ते मी सांगू शकत नाही, कारण ते तुमच्या गावावर आणि महिन्यावर आहे. कोकणात जुलैमध्ये कागद अर्धा तास सुकत नाही. नागपुरात मे महिन्यात पंखा चालू असेल तर ती वेळ येते-न येते तोच निघून जाते. पंखा बंद करा, घड्याळ बाजूला ठेवा आणि बोटाच्या मागच्या बाजूनं कागदाला हलकेच स्पर्श करून बघत राहा. ही सवय लागली की कुठल्याही ऋतूत अडत नाही.

ब्रश भरण्याचा एक क्रम लक्षात ठेवा. मऊ ब्रश आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवा, भांड्याच्या काठावर निथळा, मग अर्ध्यापर्यंत फिकी शाई घ्या आणि शेवटी फक्त टोकाला गडद. ब्रश आडवा करून एक फटकारा मारलात की एका बाजूला गडद, दुसरीकडे जवळजवळ पाणी, अशी छटा एकाच हातात उतरते. हे शंभर वेळा करायला हरकत नाही. मला तरी याचा कंटाळा येत नाही.

दुसरी पायरी: धबधबा

पहिल्यांदा धबधबा काढणारे बहुतेक जण दोन समांतर रेघा ओढतात आणि मधे खालपर्यंत बारीक रेषा भरतात. मग तो दोरीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखा दिसतो. पाण्याला आकार खडक देतो, म्हणून आधी खडकाचा विचार करायचा.

कोळशाच्या कांडीनं अगदी हलक्या खुणा करा, त्या नंतर झटकून जातात. तीन गोष्टी ठरवा: पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि कुठे दिसेनासं होतं. एकच सरळ धार काढण्यापेक्षा दोन किंवा तीन टप्पे घ्या. दोन टप्प्यांमधे पुढे आलेला एखादा सुळका ठेवा, त्याच्यामागे पाणी क्षणभर लपू द्या. सुंग या चिनी राजवटीच्या काळातला थोर निसर्गचित्रकार ग्वो शी याचे विचार त्याच्या मुलानं लिहून ठेवलेत. त्यात हेच सांगितलंय: पाणी सबंध दाखवलं तर ते लांबचं वाटत नाही, मधे झाकलं आणि तोडलं तर वाटतं.

आता कागद कोरडा. ताठ ब्रश, गडद शाई, ब्रश उभा. उजवा-डावा कातळ काढा, पण पाण्याकडची कड सलग ओढू नका. ती तुटक ठेवा: कुठे पाण्यात घुसलेली, कुठे मागे सरलेली. मग ब्रश आडवा करून, जवळजवळ कोरडा करून, खडकाचा पोत भरा. या पोताच्या फटकाऱ्यांना ‘त्सुन’ म्हणतात आणि त्यांचे कितीतरी प्रकार आहेत. तुम्हाला सध्या दोन पुरतील. कुऱ्हाडीनं लाकूड तासल्यासारखे रुंद, तिरपे फटकारे उभ्या, कठीण कड्यांना शोभतात. तागाच्या धाग्यांसारख्या लांब, सैल रेषा मातीच्या गोल डोंगरांना. धबधब्याच्या शेजारी पहिला प्रकार घ्या.

इथे थोडं विषयांतर करतो. चिनी चित्रकार शतकानुशतकं ज्या डोंगरांकडे बघत आले, त्यातला ह्वांगशान ग्रॅनाइटचा, त्याला उभ्या चिरा. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, आडव्या थरांचा. तुम्हाला आंबोली किंवा माळशेजचं पाणी या पद्धतीनं काढायचं असेल तर चिनी पोत जसाच्या तसा उचलू नका, आडवे थर दाखवणारे फटकारे स्वतः शोधा. ‘त्सुन’ मुळात अशीच जन्मली, समोरच्या दगडाकडे बघून.

सगळ्यात गडद शाई दोनच ठिकाणी: धार जिथून कोसळते त्या ओठाशी, आणि पाण्याला अगदी चिकटून असलेल्या खडकावर. तिथून बाहेर जाताना छटा फिकी करत न्या. पाणी पांढरं दिसतं ते या शेजारामुळे.

धारेच्या आत किती रेषा? सहा-सातपेक्षा जास्त नकोत. शाई फिकी, ब्रश कोरडा. ओठाच्या वर पाणी थोडं आडवं वाहताना दाखवा, मग कडेवरून वळवा आणि हात न थांबवता खाली सोडा. अर्ध्या वाटेतच ब्रश उचला. रेषा संपायला हवी ती हवेत, कागदावर थांबून नाही. सगळ्या रेषा एकाच उंचीवर संपल्या तर झालर दिसते, म्हणून एखादी लांब, एखादी अगदी आखूड. मधला पट्टा पूर्ण कोरा राहू द्या. त्यात एक-दोन गडद खडक ठेवून धार दुभंगवली तर वेग एकदम जाणवतो.

आणि खाली? धार डोहापर्यंत रेषेनं न्यायची नाही. पडणाऱ्या पाण्याचे तुषार उडतात, तिथे काहीच स्पष्ट दिसत नाही. तेवढी जागा कोरी सोडा. डोहाच्या आडव्या लाटा त्या जागेपासून दूर, पुढच्या बाजूला सुरू करा. कोऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंचे खडक मात्र खालच्या बाजूनं ओल्या ब्रशानं पुसट करायचे, आणि तेच पुढच्या पायरीचं काम.

तिसरी पायरी: धुकं

याला सर्वात जास्त दिवस द्या.

सोपी रीत दोन ब्रशांची आहे. एका हातात, किंवा बोटांच्या बेचक्यात, दोन ब्रश धरा: एक शाईचा, एक स्वच्छ पाण्याचा. डोंगराचा माथा गडद, कोरड्या कागदावर स्पष्ट काढा. उतार खाली आणताना शाई कमी होऊ द्या. धुकं जिथे सुरू व्हायचं तिथे शाईचा ब्रश थांबवा आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत पाण्याचा ब्रश शाईच्या खालच्या कडेवर टेकवून खाली ओढा. कड विरघळते. उशीर केलात तर कड पक्की होते आणि पाण्याचा गोल डाग पडतो, मग तो निघत नाही. पाण्याचा ब्रशही निथळलेला हवा, टपटपणारा नको.

दुसरी रीत आधीच ओल करण्याची. धुक्याचा सगळा पट्टा रुंद ब्रशानं ओला करा, तिसऱ्या पट्टीची ती वेळ येऊ द्या, मग वरच्या कोरड्या भागात डोंगर काढत काढत ओलीत शिरा. शाई आपोआप सैल होत जाते. मोठ्या दऱ्यांना ही बरी.

तिसरी थरांची. कांडीची शाई एकदा नीट सुकली की पुन्हा पाणी लागलं तरी फारशी हलत नाही. म्हणून सुकलेलं चित्र फवाऱ्यानं हलकं ओलं करून त्यावर पाचवी छटा चढवता येते, सुकवून पुन्हा, आणि पुन्हा. चार फिके थर एका मध्यम थरापेक्षा कितीतरी खोल दिसतात. घाई असलेल्या माणसाला ही रीत मानवत नाही, पण धुक्याला वजन येतं ते इथे.

जुन्या चित्रांत ढगांना रेषेनं वळणावळणाची बाह्यरेखा दिलेलीही दिसते. सजावटीला ती छान, पण सुरुवातीला सोडून द्या.

धुक्याचा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा झाला की तो रस्ता वाटतो. एका टोकाला घळीत खोल शिरू द्या, दुसऱ्या टोकाला पातळ होऊन संपू द्या. झाडांचे शेंडे स्पष्ट, बुंधे नाहीसे. पावसाळ्यात घाटात गेलात तर कॅमेरा न काढता दहा मिनिटं एका झाडाकडे बघा. आधी काय दिसेनासं होतं आणि परत येताना आधी काय दिसतं, एवढंच मनाशी नोंदवा. शेंडा आणि बुंधा यांचा हा हिशेब तिथे आपोआप कळतो.

रेषेची भीती वाटत असेल तर मी फू (१०५१–११०७) आणि त्याचा मुलगा मी योरेन यांच्या नावानं ओळखले जाणारे ठिपके करून पाहा. मऊ ब्रश आडवा ठेवून ओलसर, लांबट, आडवे ठिपके एकावर एक रचत डोंगर उभा करायचा. आधी फिके, ते अर्धवट ओले असतानाच मध्यम, शेवटी माथ्यावर थोडे गडद. खाली येताना ठिपके विरळ करत थांबायचं. बाह्यरेखा नाही, पोत नाही, तरी पावसात भिजलेला डोंगर समोर येतो. नवख्यांना पहिलं समाधान बहुतेक वेळा इथेच मिळतं.

धुकं किती ठेवायचं याचं उत्तरही ग्वो शीकडे आहे. डोंगर पूर्ण दाखवला तर तो उंच वाटत नाही, त्याच्या कंबरेला धुकं गुंडाळलं की वाटतो, असं तो म्हणतो. १०७२ चं त्याचं ‘वसंताची चाहूल’ हे चित्रही तैपेईच्या त्याच संग्रहालयात आहे. त्यात डोंगराचे तुकडे धुक्यानं एकमेकांपासून सुटे केलेत आणि नजर त्या मधल्या जागांतूनच वर चढते. त्याची चांगली छापील प्रत मिळाली तर तिच्यावर पातळ कागद ठेवून फक्त कोऱ्या जागांची बाह्यरेखा गिरवा. या एका अभ्यासानं मला रचनेबद्दल जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशानंच नाही.

चौथी पायरी: दोन्ही एका चित्रात

सुटा धबधबा जमला, सुटं धुकं जमलं, तरी एकत्र आणताना एक अडचण येतेच. धारेचा उभा पांढरा आणि धुक्याचा आडवा पांढरा एकमेकांना भेटतात आणि तिथे कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. दोन्ही सारखेच कोरे असल्यानं हे होतं.

उपाय असा. धार पूर्ण कोरी ठेवा, तिला पाण्याचा ब्रशही लावू नका. धुक्याला मात्र सुकल्यावर पाचव्या छटेचा एक हात द्या, धारेपासून थोडं अंतर सोडून. धुकं कणभर करडं झालं की धार पुढे येते. आणि धार धुक्यात शिरते त्या जागी एक-दोन गडद खडकांची टोकं धुक्यातून वर आलेली दाखवा. त्यांच्यामुळे पाणी खाली कुठेतरी आपटतंय हे कळतं.

रंग हवा असेल तर दोनच घ्या: खडकांवर गेरू, धुक्याच्या सावलीत आणि लांबच्या डोंगरात नीळ. दोन्ही चिनी निसर्गचित्रांत जुन्या काळापासून चालत आलेत. शाई पूर्ण सुकल्यावर, इतके पातळ की रंग लावलाय हे लक्षातही येऊ नये.

तुरटीचा उपयोग

तुषार आणि पावसाच्या तिरप्या सरी कोऱ्या सोडून काढणं फार कठीण. त्यासाठी तुरटी. विसाव्या शतकात फू बाओशी (१९०४–१९६५) यानं पाऊस आणि पाणी दाखवायला तुरटीच्या पाण्याचा फार सुंदर उपयोग केला. अर्धा कप कोमट पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवा. जुन्या ब्रशानं कच्च्या कागदावर सरी ओढा किंवा ब्रशाच्या दांड्यावर बोट आपटून शिंतोडे उडवा. पूर्ण सुकू द्या. सुकल्यावर काहीच दिसत नाही, म्हणून कुठे काय केलं ते आधी कच्च्या चिठोऱ्यावर आखून ठेवा. मग वरून पातळ शाईचा हात फिरवा. तुरटी लागलेल्या जागी शाई शिरत नाही आणि सरी उजळ उठून येतात. ब्रश लगेच धुवा, तो पुन्हा दुसऱ्या कामाला घेऊ नका. तुरटी आम्लधर्मी असते, वर्षांनी कागद ठिसूळ करते, तेव्हा हात आवरता ठेवा.

चित्र ताणून घेणं

सुकलेलं चित्र चुरगळलेलं दिसेल. सुरकुत्यांची सावली नेमकी धुक्यावर पडते आणि सगळं बिघडलं असं वाटतं. ताणून घेतल्याशिवाय धुक्याचा निकाल लावू नका, आणि फाडून तर मुळीच टाकू नका. शाई पक्की व्हायला दोन-तीन दिवस द्या.

मग गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवून गाळून घ्या. स्वच्छ, गुळगुळीत टेबलावर चित्र पालथं ठेवा, फवारा मारा आणि मधून बाहेर रुंद ब्रश फिरवत सुरकुत्या काढा. पाठीवर खळीचा पातळ हात द्या. चित्रापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा दुसरा श्वान कागद वरून हळूहळू सोडत कोरड्या ब्रशानं दाबून बसवा. बाहेर राहिलेल्या काठांना तेवढी खळ लावा, जोडकागद उचला आणि चित्र दर्शनी बाजूनं समोर येईल असं प्लायवूडच्या फळीवर फक्त काठांनी चिकटवा. एका कोपऱ्यात कागदाची चिठ्ठी खोचून ठेवा. सुकताना कागद ढोलाच्या कातड्यासारखा ताणला जातो आणि छटा पुन्हा गडद, खोल दिसू लागतात. दोन दिवसांनी चिठ्ठीच्या जागेतून बोथट सुरी आत घालून काठ सोडवा, आणि चित्र भिंतीला लावून चार पावलं मागे उभे राहा.